अद्भुताचा पहिला दंड

सामाजिक मालिका लिहिणाऱ्याला जी सवलत आयतीच मिळालेली असते, ती अद्भुतकथेच्या लेखकाच्या वाट्याला येत नाही. गिरगावातील चाळ किंवा कोल्हापूरकडचा एखादा वाडा पडद्यावर आला, की त्या जगाचे कायदेकानू प्रेक्षक घरूनच शिकून आलेला असतो. मेलेला माणूस उठून चालू लागत नाही, कर्जाची मुदत टळली की सावकार दाराशी येतो, थोरलीच्या आधी धाकटीचे लग्न निघाले की घरात कुजबूज सुरू होते, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. याच्या उलट, ज्या राज्यात एकेक ऋतू वर्षानुवर्षे टिकतो, ज्याच्या सरहद्दीपलीकडे प्रेते उठतात आणि ज्याचे सिंहासन एके काळी आग ओकणाऱ्या ड्रॅगनांच्या बळावर मिळवलेले होते, त्या राज्यात काय संभवते व काय संभवत नाही, कोणत्या अपराधाला क्षमा आहे व कोणत्या अपराधाला नाही, याचा एकही दाखला प्रेक्षकाच्या अनुभवात नसतो. हा सगळा कारभार त्याला पहिल्या तासाभरात पटवून द्यायचा असतो. आणि पटवून देण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणून जे लेखकाच्या हाताशी येते ते म्हणजे तपशील: वंशावळी, नकाशे, प्राचीन युद्धांच्या बखरी आणि त्या गंभीर आवाजात वाचून दाखवणारा निवेदक.

हे साधन मला दुबळे वाटते. कल्पित जगावर प्रेक्षकाचा विश्वास बसतो, तो त्या जगाचा एखादा नियम त्याच्या डोळ्यांदेखत कोणाला तरी भोवतो तेव्हा. नियम नुसता उच्चारला, तर ती लेखकाची लहर ठरते. त्या नियमापायी एका माणसाला काही गमवावे लागले, की तोच नियम त्या भूमीचा कायदा होतो. आपल्याकडच्या नाट्यशास्त्राने पाच संधींची व्यवस्था लावताना पहिल्या, मुखसंधीला ‘बीजा’ची उत्पत्ती नेमून दिली आहे, आरंभी अल्प प्रमाणात सुचवलेले आणि पुढे अनेक अंगांनी विस्तारणारे ते बीज. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात कालिदासाने हे किती सहज साधले आहे! हरिणामागे रथ फेकणाऱ्या चक्रवर्ती सम्राटाला एक निःशस्त्र तपस्वी अडवतो, आश्रमाच्या हद्दीत हा मृग अवध्य आहे असे सांगतो, राजा बाण परत घेतो आणि त्या संयमाबद्दल त्याला चक्रवर्ती पुत्राचा आशीर्वाद मिळतो. तपोवनाचा अंमल राजाच्या अंमलाहून वरचढ आहे, हे येथे कोणीही विवरण करून सांगितलेले नाही. हातची शिकार सुटली, आणि तेवढ्याने ते सिद्ध झाले.

आधुनिक काळात या कसोटीला पूर्णपणे उतरलेला पहिला भाग म्हणून मी ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेच्या प्रारंभाकडे पाहतो. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवरून डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस यांनी लिहिलेला हा भाग एचबीओ वाहिनीवरून १७ एप्रिल २०११ रोजी दाखवला गेला. उत्तरेकडे बर्फाची एक प्रचंड भिंत आहे. तिच्या पहाऱ्यावरचे तिघे शिपाई पलीकडच्या अरण्यात गस्तीला गेलेले असता, हजारो वर्षांपूर्वी नामशेष झाले असे सर्वजण मानतात त्या हिमपिशाच्चांशी त्यांची गाठ पडते. तिघांपैकी एक तरुण तेवढा वाचतो, आणि भयाने बेभान होऊन, आजन्म पहाऱ्याची शपथ मोडून दक्षिणेकडे पळतो. पळून आलेल्या शिपायाला देहान्त शासन हा तेथला कायदा असल्यामुळे उत्तरेचा अधिपती नेड स्टार्क याच्यापुढे त्याला हजर केले जाते. शपथ मोडल्याचा कसूर तो कबूल करतो, पण आपण जे पाहिले ते खरे होते, असे मरतानाही सांगतो. नेड स्वतःच्या हाताने तलवार चालवतो, कारण शिक्षा फर्मावणाऱ्याने ती दुसऱ्याकडून अंमलात आणू नये असा त्याच्या घराण्याचा शिरस्ता आहे. आणि आपल्या लहानग्या ब्रॅनला त्याने हे पाहण्यासाठी मुद्दाम आणलेले आहे.

या प्रसंगाची रचना बारकाईने पाहावी, इतकी ती मोलाची आहे. न्यायाधीश सज्जन आहे, कायदा स्पष्ट आहे, आरोपी कबूल आहे, आणि तरीही जे घडते तो अन्याय आहे. कारण ज्याची मान उडवली गेली तो त्या राज्यावर येणाऱ्या सर्वांत मोठ्या संकटाचा एकमेव जिवंत साक्षीदार होता. प्रेक्षकाने ती पिशाच्चे पाहिली आहेत, नेडने पाहिलेली नाहीत. म्हणजे पहिल्या पाव तासातच प्रेक्षकाला न्यायासनावरील पुरुषाहून अधिक ठाऊक झालेले असते, आणि हे ठाऊक असणे कोणाच्याही उपयोगी पडत नाही. तो खोटे बोलत होता का, असे ब्रॅन बापाला विचारतो. वेड्याला जे दिसते ते दिसते, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळते. पुढे आठ पर्वांत जो विस्तार झाला, त्याचे बीज या प्रश्नोत्तरात आहे: प्रामाणिक माणसे आपापल्या शपथांना इमानाने जागत राहतात आणि त्यामुळेच सत्य त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

भागाचा शेवटही एका साक्षीदाराचाच आहे. यापुढे भिंतींवर चढणार नाहीस असे वचन आई ब्रॅनकडून घेते, तेव्हा तो स्वतःच्या पायांकडे पाहतो, आणि खोटे बोलण्यापूर्वी तू नेहमी असाच पाहतोस, असे ती माउली त्याला हसून सांगते. तोच मुलगा नंतर एका ओसाड बुरुजावर चढतो, राणी आणि तिचा जुळा भाऊ यांना नको त्या अवस्थेत पाहतो, आणि तो भाऊ त्याला खिडकीतून खाली ढकलून देतो. आरंभी खरे सांगणारा कायद्याने मारला गेला. अखेरीस खरे पाहणारा गुन्ह्याने खाली लोटला गेला. या दोन घटनांच्या मध्ये राजाची स्वारी येते, मेजवानी होते, समुद्रापलीकडे एका पदच्युत घराण्यातील मुलीचे सैन्याच्या मोबदल्यात लग्न लावून दिले जाते. पात्रे इतकी येतात की सर्वांची नावे पहिल्या फेरीत लक्षात राहणे अशक्य. तरीही प्रेक्षक हरवत नाही, कारण या जगात सत्य पाहणे धोक्याचे आहे, एवढे एक सूत्र त्याच्या हाती घट्ट बसलेले असते.

अद्भुताच्या बाबतीत लेखकांनी येथे जी काटकसर केली आहे तीही पाहण्याजोगी आहे. आरंभीची पिशाच्चे सोडली तर उरलेल्या भागात विलक्षण म्हणावे असे जवळजवळ काही नाही. डेनेरिस ही मुलगी दासीने वारण्याआधीच कढत पाण्यात उतरते आणि तिला काही होत नाही. लग्नात तिला ड्रॅगनची तीन अंडी नजर केली जातात, पण ती काळाच्या ओघात दगड झालेली आहेत. मांत्रिक, जादूची कांडी, आकाशातील युद्ध, यांपैकी काहीही नाही. स्वैपाकात मीठ घालावे तसे येथे अद्भुत घातलेले आहे. अद्भुताची मात्रा वाढत गेली की परिणामांचे गांभीर्य उणावते. जेथे काहीही घडू शकते तेथे काय घडले याला किंमत राहत नाही. पहिल्या भागात तरी लेखकाने आपले चमत्कार राखून ठेवावेत आणि चमत्काराविना चालणारा रोजचा कारभार, त्यातले हक्क, कर्जे, लग्ने आणि शिक्षा, यांवर प्रेक्षकाचे पाय टेकू द्यावेत, असे मला आग्रहाने वाटते.

हा भाग एका झटक्यात असा उतरलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. २००९ साली टॉम मॅकार्थी यांच्या दिग्दर्शनाखाली त्याचा पहिला मसुदा चित्रित झाला होता, आणि तो कधीही प्रक्षेपित झाला नाही. लेखकांनी तो आपल्या परिचयातील जाणत्यांना दाखवला, तेव्हा बुरुजावरील ते स्त्री-पुरुष बहीणभाऊ आहेत हेच पाहणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही, अशी हकिकत प्रसिद्ध आहे. नंतर टिम व्हॅन पॅटन यांनी बराचसा भाग नव्याने चित्रित केला. डेनेरिस आणि ब्रॅनची आई केटलिन या भूमिकांतील नट्याही बदलल्या. नाते कळले नसते तर खिडकीतून ढकलण्याचे कृत्य केवळ क्रौर्य म्हणून दिसले असते. ते कळले म्हणूनच त्या कृत्यामागे एका राजवंशाचा वारसाहक्क लोंबकळत असल्याची भीती प्रेक्षकाला जाणवते. आता पाहावे, तर हे नाते प्रक्षेपित भागात दोनदा, पण किती सहज येते: एकदा राणी आणि तिचा भाऊ यांच्या खासगी संभाषणात, आणि एकदा नेडच्या धाकट्या मुलीच्या आगाऊ बडबडीत, जिला थोरली बहीण लगेच गप्प करते. माहिती द्यायचीच तर ती अशी द्यावी, की देणाऱ्या पात्राला ती त्या क्षणी बोलण्याचे स्वतःचे कारण असावे.

डेनेरिसच्या घराण्याच्या पूर्वेतिहासावरील ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ या मालिकेचा २०२२ मधील पहिला भाग याच वाटेने जातो, आणि एका अर्थी अधिक निष्ठुरपणे. वृद्ध राजाने वारस ठरवण्यासाठी सरदारांची महासभा बोलावलेली आहे. वडीलकीचा हक्क असलेल्या स्त्रीला बाजूला सारून पुरुषाला गादी दिली जाते. हे झाले निवेदन, आणि ते थोडक्यात आवरले आहे. खरा प्रसंग पुढे येतो. त्या निवडीने राजा झालेल्या व्हिसेरिसची राणी बाळंतपणात अडते. मूल पायाळू आहे, दोघांपैकी एकच वाचवता येईल असे वैद्य सांगतो, आणि मुलगा हवा म्हणून राजा तिला न विचारता तिचे पोट फाडण्यास संमती देतो. बाहेर त्याच मुलाच्या आगमनाप्रीत्यर्थ सरदारांच्या झुंजी चालू आहेत. राणी मरते, मुलगाही मरतो, आणि अखेर जिचा स्त्री म्हणून विचारच झालेला नव्हता त्या राजकन्येला वारस ठरवावे लागते. महासभेत जो नियम कागदावरच्या ठरावासारखा वाटला होता, तो तासाभरात शय्येवरील रक्ताने लिहिला जातो. हा प्रसंग मला पाहवत नाही; पण या भागाची ताकद त्यातच आहे, हे नाकारता येत नाही.

‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ या मालिकेच्या आरंभाबद्दल मात्र मला खेद वाटतो. बालवयातील गॅलाड्रिएल कागदाचे गलबत पाण्यात सोडते आणि बाकीची मुले दगड मारून ते बुडवतात, असा तिचा पहिलाच प्रसंग आहे. अमर मानल्या गेलेल्या ज्या स्वर्गभूमीत ती वाढते तेथेही द्वेष आहे, हे एवढ्याशा गलबताने सांगितले गेले होते. तेथेच थांबून त्या मुलीच्या रागामागे जायला हवे होते. त्याऐवजी निवेदनाचा ओघ सुरू होतो, शतकानुशतकांचे युद्ध, भावाचा मृत्यू आणि शत्रूचा शोध काही मिनिटांत सांगून संपतात, आणि ज्या भावासाठी ती पुढे सारे आयुष्य वेचणार त्याचे मरण आपल्याला ऐकीव राहते. दृश्ये डोळे दिपवणारी आहेत; नुकसान मात्र कोणाचेही जाणवत नाही.

भारतीय दूरचित्रवाणीवर या प्रश्नाचे फार प्रगल्भ उत्तर एकदा दिले गेले होते. २ ऑक्टोबर १९८८ रोजी सुरू झालेल्या बी. आर. चोप्रा यांच्या ‘महाभारत’ मालिकेत राही मासूम रझा यांनी पहिल्या भागाचा आरंभ कौरव-पांडवांपासून केला नाही, भीष्मापासूनही केला नाही. राजा भरतापासून केला. स्वतःच्या पुत्रांपैकी कोणीही राज्याला लायक नाही असे ठरवून भरत त्यांना डावलतो आणि गुणांच्या बळावर भूमन्यूला युवराज करतो. निवेदक म्हणून स्वतः ‘समय’ बोलतो, पण त्याचे बोलणे हवेत राहत नाही, कारण ज्यांचा हक्क गेला ती मुले तेथेच उभी आहेत. जन्म मोठा की योग्यता, या प्रश्नावर पुढे धृतराष्ट्राचा पुत्रमोह, कर्णाचा अपमान आणि कुरुक्षेत्र, हे सर्व उभे राहणार होते. रविवारी सकाळी रस्ते ओस पाडणाऱ्या त्या मालिकेच्या यशाचे श्रेय आपण श्रद्धेला देतो. या रचनेलाही ते द्यायला हवे.

मूळ महाभारतात तर आरंभाचा विचार आणखी खोल आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या संपादनाखाली १९३३ साली आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती पूर्ण केली, तेव्हा नैमिषारण्यात सूत येतो तो गद्य प्रारंभ आदिपर्वात दोनदा आलेला असूनही संपादकांनी दोन्ही ठेवले. हस्तलिखितांची साक्ष तशी होती. या दोन प्रारंभांपैकी दुसऱ्यापूर्वी, पौष्यपर्वात, सरमेची कथा येते, आणि उद्या कोणी मराठी लेखक आदिपर्वावर मालिका लिहिणार असेल, तर त्याने तेथूनच सुरुवात करावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. जनमेजयाच्या यज्ञसत्राजवळ एक कुत्र्याचे पिलू येते. राजाचे भाऊ त्याला मारतात. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिलेही नव्हते, चाटणे तर दूरच. त्याची आई सरमा, देवांची कुत्री, सत्रात येऊन विचारते, की याचा अपराध काय होता? कोणीही उत्तर देत नाही. मग ती शाप देते, की निरपराधाला मारलेत, तर तुमच्यावर न दिसणारे भय येईल.

पहिल्या भागाला याहून अधिक काही लागत नाही. एक मुका जीव, एक फिर्याद, एक निरुत्तर राजसभा. भय कोणते हे सांगितलेले नाही. म्हणून जनमेजय घाबरतो आणि शापाचे निवारण करील असा पुरोहित शोधत हिंडू लागतो. त्याला सोमश्रवा मिळतो. सर्पिणीच्या पोटी जन्मलेला, आणि कोणाही ब्राह्मणाने जे मागितले ते द्यायचे असे गुप्त व्रत पाळणारा. या व्रताला हरकत नसेल तरच याला ने, अशी अट त्याचा पिता घालतो, आणि राजा ती मान्य करतो. पहिला भाग येथे संपवावा; कारण पुढे सर्पसत्र ऐन भरात असताना आस्तीक हा ब्राह्मणकुमार राजापुढे येऊन सत्र थांबवण्याचे दान मागेल, आणि ते नाकारण्याची मोकळीक जनमेजयाने या अटीसरशी आधीच गमावलेली आहे.