अपराध कोणाचा?

शिर्डीत आमच्या मशिदीच्या गल्लीत वाळूच्या ढिगामागे एक कुत्री व्याली होती. फजरच्या अंधारात ती नमाज्यांच्या अंगावर धावून येई. एके दिवशी तिने एका मुलाच्या पोटरीला चावा घेतला. त्याचे वडील मला म्हणाले, "मौलाना, कुत्रा नापाकच ना? मग विष घातले तर गुनाह कसला?"

आधी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायला लावली आणि मुलाला लशीसाठी पाठवले. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस क्वचितच वाचतो. उत्तर त्यानंतर.

कुत्र्याने तोंड घातलेले भांडे सात वेळा धुण्याची आज्ञा तहारतची आहे. तिने त्या जिवाची किंमत ठरत नाही. तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून मोज्यातून पाणी आणणाऱ्याला अल्लाहने क्षमा केली, हे प्रेषितांनीच (स.) सांगितले आहे. मात्र 'कल्ब-ए-अकूर', म्हणजे हिंस्र, चावरे कुत्रे हरमच्या हद्दीतही मारण्याची मुभा त्यांनीच दिली. तेव्हा प्रश्न एवढाच, की ही कुत्री अकूर होती काय?

कुत्रे बहुधा आधी सांगते : अंग ताठ करते, दात दाखवते, गुरगुरते. पोरे त्या गुरगुरण्याला दगडाने उत्तर देत. आणि लपवू कशाला, मीही रोज पहाटे काठी आपटत जात होतो. पिल्लांच्या आईने त्या काठीचा अर्थ काय लावावा?

जनावर मुकल्लफ नाही. त्याला हिशेब द्यायचा नाही. आपले कुत्रे चावरे आहे हे ठाऊक असून जो ते आवरत नाही, त्याच्यावर फुकहांनी भरपाईची जबाबदारी टाकली. पण गल्लीतल्या कुत्र्याचा धनी कोण? भाविक बिस्किटे टाकतात, हॉटेलांमागे उष्टे पडते. खाऊ घालणारे अनेक, आवरणारा कोणी नाही. २०२३ च्या नियमांनी निर्बीजीकरण व लसीकरणाचे काम स्थानिक संस्थांकडे सोपवले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी अशी कुत्री मूळ जागी सोडण्यास सांगताना पिसाळलेल्या आणि आक्रमक कुत्र्यांचा अपवाद केला. तो वाचताना मला 'अकूर' हाच शब्द आठवला.

विष मी घालू दिले नाही. निर्बीजीकरणासाठी अर्ज दिला, उष्ट्याचा ढीग हलवला, काठी घरी ठेवली. पिल्ले मोठी झाली तशी कुत्री निवळली. त्या मुलाचे वडील मात्र अजून त्याचा हात धरून दुसऱ्या गल्लीने मशिदीत येतात. त्यांना मी काही म्हणत नाही.