हाताचे काम, देवाचे काम

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत काटेकोर मापाने सुटे भाग घडवणाऱ्या कामगाराचे श्रम आणि देवळातली पूजा यांत खरेच अंतर आहे का? मिरजेचा तंबोरा पाहिला, तर ते आपणच पाडलेले वाटते. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्ये घडवायला घेतली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पंढरपूर भागातला भोपळा वाळवून त्याला लाकडी दांडी जोडतात. शेवटी तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानसेने असा घासतात, की तारेखाली सूत सरकवताच जवारी, म्हणजे तारेचा गुंजता नाद, खुलावी. किती घासायचे, हे कान ठरवतो. मुसलमान कारागिराच्या या तंबोऱ्यावर विठ्ठलाचे अभंग रंगतात. म्हणजे पावित्र्य जन्मात नसून कामातल्या निष्ठेत असते.

कारागीर तर पोटासाठी राबतो, मग ही उपासना कशी, असा आक्षेप येईल. पण गोरोबा मडकी घडवत, सावतोबा मळा पिकवत. वारकरी परंपरेने त्यांना व्यवसायासकट संत मानले. निष्ठा मोबदल्याने बाटत नाही, हयगयीने बाटते. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आल्यावर हाताची थोरवी उरली का, असेही विचारतील. पण ते यंत्रही कोणाच्या तरी हातांनीच घडते, आणि निष्ठेची कसोटी तिथेही लागू होते. निष्ठेने घडवलेले घडवणाऱ्यामागेही उरते: व्हायोलिने घडवणारा क्रेमोनाचा स्त्रादिवारी १७३७ मध्ये वारला. त्याची व्हायोलिने आजही मैफली गाजवतात. म्हणून दसऱ्याला वाद्याला, यंत्राला फूल वाहताना ते घडवणाऱ्याला रास्त दामही द्या. त्यावाचून ती पूजा अपुरी आहे.