ड्रॅगननं जमवलेलं लग्न

पुस्तकांच्या दुकानात हल्ली एक कोपरा लांबूनच ओळखू येतो. काळी कव्हरं, त्यांवर सोनेरी काटेरी वेली, एखादी तलवार, एखादा मुकुट, आणि पानांच्या कडासुद्धा रंगवलेल्या. तिथं घुटमळणाऱ्या बहुतेक विशी-पंचविशीतल्या मुली. फँटसी आणि प्रेमकथा यांच्या या संकराला त्या 'रोमँटसी' म्हणतात, आणि माझ्या वयाच्या वाचकांनी तिकडं बघून नाक मुरडावं अशी रीत आहे. भाचीनं आग्रहानं हातात दिली म्हणून मी यंदा यातली बरीच वाचली. काही एका बैठकीत, काही दातओठ खात. आणि वाचताना सारखी आठवत राहिली ती १८६८ सालच्या एका मराठी कादंबरीची प्रस्तावना.

नारो सदाशिव रिसबूडांची 'मंजुघोषा' आज कुणी हौसेनं वाचत नाही, पण तिच्या प्रस्तावनेतली तक्रार अजून ताजी आहे. आपल्या विवाहाच्या रीतीच अशा, की आपल्या लोकांच्या आयुष्यात ना वेधक दुर्गुण सापडतात ना वेधक सद्गुण. रोज अनुभवाला येतं तेच लिहिलं तर त्यात गोडी कसली? तेव्हा करमणुकीचं पुस्तक लिहायचं तर अद्भुताची कास धरण्यावाचून गत्यंतर नाही. रिसबूडांचं म्हणणं साधारण असं. हसू येतं, पण निरीक्षण नेमकं आहे. कळू लागायच्या आत मुलीचं लग्न झालेलं, नवरा वडिलांनी पाहिलेला. तिथं प्रेमकथेनं पाय टेकावा कुठं? निवड नाही, म्हणून गोष्ट नाही. स्वतः निवड करणारी नायिका हवी तर तिला राजकन्या करा आणि कुठल्याशा कल्पित देशात नेऊन ठेवा.

आता रेबेका यारोसची 'फोर्थ विंग' (२०२३) बघा. जिच्यासाठी ती लिहिली त्या वाचक मुलीला निवडीची ददात नाही. कुणाशी बोलायचं, कुणाबरोबर राहायचं, केव्हा सोडून जायचं, सगळं तिच्या हातात, निदान कागदोपत्री. आणि तिला आवडतं काय? व्हायोलेट ही नाजूक सांध्यांची मुलगी, सेनापती असलेल्या आईच्या हुकमानं ड्रॅगनस्वारांच्या विद्यालयात येते. तिथं पहिल्याच दिवशी अरुंद कठड्यावरून चालत जायचं, तोल गेला तर खाली मरण. तिथला झेडन तिचा जन्माचा वैरी, कारण त्याच्या बापाच्या बंडाचा शेवट देहदंडात झाला आणि त्यात तिच्या आईचा हात होता. या दोघांनी एकमेकांना निवडावं अशी सोयच नाही. पण तिचा ड्रॅगन आणि त्याची ड्रॅगन हे जोडपं निघतं. त्यांना फार दिवस एकमेकांपासून लांब राहवत नाही, एक मेलं तर दुसऱ्याचं आणि पर्यायानं स्वारांचंही खरं नाही. म्हणजे हे ठरवून केलेलं लग्नच झालं की! फक्त ठरवणारी वडीलधारी मंडळी आग ओकतात, एवढंच.

सारा जे. मासच्या 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' (२०१५) या मालिकेतही तेच. तिथल्या परीलोकात प्रत्येकाचा एखादा नियत जोडीदार असू शकतो; तो निवडायचा नसतो, ओळखायचा असतो. आपल्याकडच्या साता जन्मांच्या गाठी बघून ज्या मुली वैतागतील, त्याच इथं डोळे पुसत पानं उलटतात. मला हा ढोंगीपणा वाटत नाही. रिसबूडांच्या वाचकाला जन्मभर न मिळालेली निवड अद्भुतात मिळत होती. आजच्या वाचकाला निवडीचाच शीण आला आहे. उद्या याहून बरा कुणी भेटला तर, ही टोचणी त्यात कायमची. तिला अद्भुतात हवी आहे न टळणारी गोष्ट. गरजा अगदी उलट, पण दोघं जातात एकाच दारी.

गेली तर गेली, त्यात मला वाईट काही दिसत नाही. मी बघते ते एवढंच की हे न टळणारं प्रकरण लेखिका कुणाच्या हिशोबात मांडते.

'फोर्थ विंग'मध्ये एक जागा छान जमली आहे. व्हायोलेट ड्रॅगनच्या पाठीवरून सारखी पडते, तिच्या मांड्यांत आणि हातांत धरून ठेवायचं बळच नाही. झेडन तिच्यासाठी खोगीर घडवून घेतो. 'मी तुला सांभाळीन' असलं काही न म्हणता तिच्या शरीराची अडचण मापं घेऊन सोडवतो. पुस्तकात पानंच्या पानं शय्यागृह आहे, पण शृंगार मला त्या खोगिरात दिसला. बाकी गद्य सपाट आहे, भाचीशी त्यावरून वादही झाला.

मासबाईंवर मात्र माझा राग आहे. पहिल्या भागात नायिका फेरा डोंगराखालच्या दरबारात कैदेत असते. राईसँड नावाचा देखणा सरदार तिला रात्रीमागून रात्री जादूची दारू पाजतो आणि सगळ्यांसमोर नाचवतो. सकाळी तिला काही आठवत नाही. दुसऱ्या भागात कळतं की हे सारं तिला वाचवण्यासाठीच होतं, आणि तोच तिचा नियत जोडीदार. गंमत अशी की पहिल्या भागाचा नायक टॅमलिन तिला घरात कोंडतो, तेव्हा ते प्रेम नसून तुरुंग आहे हे मासबाईंना लख्ख दिसतं, आणि तो भाग त्यांनी लिहिलाय फार चांगला. काळजीच्या नावाखाली बायको कशी गुदमरते, हे सामाजिक कादंबऱ्यांतही इतकं थेट कमी वाचायला मिळतं. पण नाचाची वेळ आली की त्या वकीलपत्र घेतात. नशिबानंच ठरवलंय म्हटल्यावर जाब कुणाला विचारायचा?

होली ब्लॅकची 'द क्रुएल प्रिन्स' (२०१८) त्या मानानं कडक. ज्यूडच्या आईबापांना मारणारा परीलोकातला सेनापतीच तिला वाढवतो. ती त्याचा द्वेष करते आणि त्याच्यावर मायाही करते, आणि लेखिका यातली एकही भावना दुसरीसाठी पुसत नाही. परीलोकातल्या कुणाला खोटं बोलता येत नाही, माणसाला येतं. दुबळ्या ज्यूडचं हेच खरं शस्त्र. ती रोज थोडं थोडं विष खाऊन अंगी मुरवते, म्हणजे पुढं कुणी दिलं तर बाधू नये. इथं प्रेमाला काही माफ नाही.

पण नाचाचा खरा जाब मिळतो तो सुझॅना क्लार्कच्या 'जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल'मध्ये (२००४). या जाडजूड, तळटीपांनी भरलेल्या कादंबरीकडे मी आधी दोनदा पाठ फिरवली होती. नेपोलियनच्या काळातलं इंग्लंड. नॉरेल या जादूगाराला सरकारदरबारी वजन हवंय. एका मंत्र्याची वाग्दत्त वधू लग्नाच्या तोंडावर मरते. नॉरेल एका परीपुरुषाला बोलावून तिला जिवंत करतो, बदल्यात तिचं अर्धं आयुष्य देऊ करतो. त्याला वाटतं अर्धं म्हणजे पुढचं, म्हातारपणाचं. सौदा जिच्या आयुष्याचा आहे तिला कुणी विचारलेलंच नाही. परीपुरुष खूण म्हणून तिची करंगळी घेऊन जातो.

आणि घेतो रात्री. लग्न होऊन लेडी पोल झालेल्या तिला रोज रात्री त्याच्या उदास वाड्यात नाचावं लागतं. दिवसा ती थकलेली, निस्तेज, चिडकी. सांगायला तोंड उघडलं की भलतीच कुठलीतरी परीकथा बाहेर पडते, अशी करणी. नवरा भला आहे, डॉक्टर आणतो, शेवटी तिला यॉर्कशायरमधल्या एका घरात वेडी म्हणून ठेवतात. घरचा काळा बटलर स्टीफनही तिच्यासारखाच रात्री नाचतो, आणि त्यालाही सांगता येत नाही. सगळं घर ज्यांच्या जीवावर चालतं त्या दोघांच्या थकव्याला भाषा नाही. त्या पानांवर मला किती बायका आठवल्या! औषधाच्या बाटल्या, 'हिला काय झालंय कळत नाही' म्हणणारे सज्जन नवरे, आणि विचारलं की शेजारणीच्या सुनेची गोष्ट सांगत सुटणाऱ्या त्या. लेडी पोल सुटते तेव्हा तिला कृतज्ञता वाटत नाही, संताप येतो. क्लार्क तिला शांत करायला जात नाही.

याच कादंबरीत एक प्रेमकथा आहे, तीही नवरा-बायकोची, आणि तिचा शेवट मी इथं फोडणार आहे. परीपुरुष दुसऱ्या जादूगाराच्या, स्ट्रेंजच्या, बायकोलाही पळवतो. तिला सोडवता सोडवता स्ट्रेंज एका चालत्या काळोखात कायमचा अडकतो. ती मोकळी होते, तो कैदी. दोघं पादुआत एकदा भेटतात, तो काळोखाच्या आत, ती काठाशी. तू काळं नेसू नकोस, विधवेसारखी राहू नकोस, असं तो तिला सांगतो आणि जातो. गाठ कुणी बांधलेली नाही, तरी दोघं ती सोडत नाहीत.

मधे चव पालटायला एमिली हेन्रीची 'बीच रीड' (२०२०) वाचली. तिच्यात जादू नाही. प्रेमकथा लिहिणारी ती आणि गंभीर कादंबऱ्या लिहिणारा तो, पैजेवर एकमेकांचा प्रकार लिहायला घेतात. सुरेख संवाद, छान पावसाळी वाचन. अडथळे सगळे मनातले. वडिलांचं लपवलेलं प्रकरण, जुन्या जखमा. दोनशे पानांनंतर मला एखादा ड्रॅगन चालला असता.

रिसबूडांना उत्तर मिळायला पाव शतकही लागलं नाही. 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० च्या सुमारास 'करमणूक'मधून येऊ लागली आणि हरिभाऊंनी दाखवलं की ज्या घरात काही घडत नाही म्हणता, तिथंच यमूच्या डोक्यावरून वस्तरा फिरतो. कुठल्याही डार्क फँटसीत इतकं भय नाही. मराठी कादंबरीनं मग वास्तवाची वाट धरली आणि ते चांगलंच झालं. अद्भुत मात्र वेगळ्या फळीवर गेलं. दिवाळी अंकांतल्या गूढकथा, नारायण धारपांचे समर्थ, मतकरी, आणि एकटे उंचावर 'इस्किलार'चे जी. ए. त्यांत भय आहे, नियती आहे, प्रेम जवळजवळ नाही. फडक्यांकडे प्रेम होतं, तिथं भुताला प्रवेश नव्हता.

खरं तर आपली भुतं सगळी अपुऱ्या इच्छेची. मुंजा म्हणजे मुंज झाली आणि लग्नाआधीच गेला तो पोरगा. पिंपळावर बसतो आणि त्याला हवी असते बायको. २०२४ मध्ये आदित्य सरपोतदारांनी कोकणातल्या याच मुंजावर 'मुंज्या' हा हिंदी सिनेमा केला आणि तो चालला. हडळ, जखीण या बायका कशानं तशा झाल्या हे गावात सगळ्यांना माहीत असतं, फक्त गोष्ट त्यांच्या तोंडून कुणी ऐकत नाही. प्रेमासाठी खरोखर जीव जातो, तोही परक्याकडून नाही तर सख्ख्या भावाकडून, असा हा प्रदेश. जातीचा अडथळा रचावा लागत नाही, तो दारात उभाच आहे. एवढा ऐवज असताना अशी मराठी कादंबरी मला तरी वाचायला मिळालेली नाही. भाची म्हणते, मावशी, तू लिही. माझ्याच्यानं व्हायचं नाही, पण तिच्या मैत्रिणींपैकी एकीनं गावच्या विहिरीतल्या जखिणीवर तीन प्रकरणं लिहिली आहेत, आणि जखिणीचा नवरा अजून जिवंत आहे, सरपंच आहे, असं ऐकते. चौथं प्रकरण अडलंय, कारण ती त्याला माफ करते की नाही ते ठरत नाही.