गोंगाट कशाला म्हणायचे?

जे उपयोगाचे नाही ते बाजूला टाकण्याचा अधिकार माणसाला कशाने मिळतो? आम्हा शिक्षकांना हा प्रश्न रोज पडायला हवा, कारण आम्ही दिवसभर तेच करतो. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात दुसऱ्याच आठवड्यात काही मुले ‘हुशार’ ठरतात आणि काहींच्या बाबतीत स्टाफरूममध्ये ‘त्याचं सोडा हो’ एवढेच म्हटले जाते. बी.एड.च्या अभ्यासात मूल्यमापनावर पुष्कळ पाने होती. या प्रश्नाचे उत्तर त्यांत नव्हते. थोडेफार उत्तर आम्हाला सापडले ते नारायणगावजवळच्या खोडदला, रेडिओ दुर्बिणीच्या कामकाजात.

खोडदची जी.एम.आर.टी. म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. चौदा मध्यभागी जवळजवळ, उरलेल्या सोळा तीन दिशांना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या. दिवंगत प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून त्या उभ्या राहिल्या. विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, त्या सर्वांना पाहता येतात. मुले तबकडीचा आकार पाहून थक्क होतात. आम्हाला मात्र आत चालणाऱ्या कामाची शिस्त अधिक मोलाची वाटते.

तिथे मनात आले म्हणून आकाश पाहता येत नाही. वर्षातून दोनदा अर्ज मागवतात. काय पाहायचे, का पाहायचे, किती तास लागतील हे लिहून द्यावे लागते. समिती तपासते आणि वेळ देते. मग निरीक्षक आधीच आज्ञांची यादी तयार करतो : कोणत्या क्षणी तबकड्या कुठे वळतील, कोणत्या लहरी ऐकतील. आणि गंमत अशी की सत्राची सुरुवात ज्याचा शोध घ्यायचा त्याच्यापासून होत नाही. आधी थ्री-सी २८६ सारख्या ओळखीच्या स्रोताकडे तबकड्या वळवतात. त्याची तीव्रता ठाऊक असते. त्यावरून यंत्र आज किती खरे बोलते आहे ते कळते. मग लक्ष्याजवळचा दुसरा ओळखीचा स्रोत काही मिनिटे, मग लक्ष्य अर्धा तास, पुन्हा तो ओळखीचा. कारण वरच्या वातावरणाची अवस्था तासातासाला बदलते आणि सकाळच्या मापाने दुपारचे मोजता येत नाही. वारा वाढला, एखादी तबकडी बंद पडली, तर त्याची नोंद वेळेसकट होते.

खरी परीक्षा सत्रानंतर. विजेच्या तारांवरच्या ठिणग्या, मोबाइल, उपग्रह यांचा गोंगाट आकाशाच्या क्षीण आवाजात मिसळलेला असतो. तो काढल्याशिवाय चित्र उमटत नाही. पण काढताना मूळ नोंद खोडत नाहीत; तिच्यावर ‘हे वगळले’ अशी खूण करतात. खूण उद्या कोणीही उठवू शकतो.

हे का महत्त्वाचे, ते १९६७ साली केंब्रिजला दिसले. जोसेलिन बेल ही संशोधक विद्यार्थिनी रोज सुमारे शंभर फूट कागदी आलेख डोळ्यांखालून घालत होती. त्यात इंचभरही जागा न व्यापणारी एक विचित्र खरखर होती. मानवी गोंगाट म्हणून ती सोडून देणे सहज शक्य होते. पण ती खरखर दर खेपेला आकाशाच्या त्याच भागातून येत होती आणि ताऱ्यांचे घड्याळ पाळत होती. तारे रोज सुमारे चार मिनिटे आधी उगवतात, माणसाची यंत्रे असे करत नाहीत. नमाजच्या वेळा हळूहळू सरकताना पाहणाऱ्यांना हा पुरावा समजायला अवघड नाही. ती खरखर म्हणजे पहिला पल्सार. १९७४ च्या नोबेलमध्ये बेलबाईंचे नाव नव्हते, तो वेगळा विषय.

उलट गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीची. तिथे १९९८ पासूनच्या नोंदींत काही गूढ स्पंद सापडले. दूरच्या आकाशातून आल्यासारखे दिसत, पण यायचे ते दिवसा, माणसांच्या कामाच्या वेळेत, आणि दुर्बिणीच्या सगळ्या झोतांत एकदमच. २०१५ साली उलगडा झाला : मायक्रोवेव्ह ओव्हन चालू असतानाच कोणी दार उघडले की तो स्पंद निघे! मात्र याच संशयाच्या छायेत २००१ साली नोंदलेला एक खरा वैश्विक स्पंदही काही वर्षे अडकला होता. ओव्हनचा आवाज आणि विश्वाचा आवाज पहिल्या दिवशी सारखेच दिसतात.

म्हणून आम्हाला वाटते, वगळण्याचा अधिकार हुशारीने मिळत नाही. आपण आपले माप आधी ओळखीच्या गोष्टीवर तपासले का, कसोटी निकालाच्या आधी ठरवली का, आणि वगळलेले शिल्लक ठेवले का, यावर तो मिळतो. वर्गात यांपैकी पहिलेच होत नाही. मराठी प्रश्नाला उर्दू वळणाचे उत्तर देणाऱ्या मुलाला गुण कमी पडतात. माप कुणाच्या भाषेवर लावले होते हे कुणी विचारत नाही. खूण मात्र कायमची उमटते, प्रगतिपुस्तकात आणि पोराच्या मनात.

दुर्बिणीचीही एक अडचण आहे. तिच्या शांततेसाठी परिसरात उद्योगांवर बंधने आहेत. पुणे-नाशिक नियोजित रेल्वेच्या आखणीतही तिचा प्रश्न आला. शास्त्रज्ञाला जो गोंगाट, ती कुणाची तरी रोजी असते. हा झगडा दोन खऱ्या गरजांचा आहे. इथे कोणतीही ओळखीची कसोटी उपयोगी पडत नाही. तिथे बसून बोलावेच लागते, आणि ज्याचा आवाज वगळायचा त्यालाही त्या बैठकीत बसवावे लागते.

खोडदच्या निरीक्षणांवर निरीक्षकाचा हक्क अठरा महिने असतो. नंतर ती संग्रहात सर्वांना खुली होतात. आमच्या दहावीच्या मुलींना हे सांगितले तेव्हा एकीने विचारले, “सर, म्हणजे त्यांनी वगळलेलंही आपल्याला बघता येईल?” येईल, असे आम्ही सांगितले. ती आता संगणकाच्या तासाला लवकर येऊन बसते.