मुक्या जिवाचा हक्क आणि शर्यतीचे मैदान

मागे एकदा जुमाच्या नमाजनंतर विठ्ठलवाडीतील एक ओळखीचा तरुण माझी वाट पाहत थांबला होता. अंबरनाथकडच्या एका गावात मामेभावाच्या भागीदारीत त्याने शर्यतीची बैलजोडी ठेवली आहे. तो म्हणाला, “चाचा, बैल पळवणं हराम आहे का? घरात रोज वाद होतो. अब्बा म्हणतात, हा जुगार आहे. मी तर त्याला पोटच्या पोरासारखा जपतो. अंडी, दूध, उडीद, काही कमी पडू देत नाही.”

असा प्रश्न आपल्या ठाणे जिल्ह्यातील अनेक घरांत निघत असेल. कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, पनवेल या पट्ट्यात बैलगाडा शर्यतीचे वेड जुने आहे आणि त्यात आपली मुलेही आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी या शर्यतींवर बंदी घातली. 2017 मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली, 16 डिसेंबर 2021 रोजी न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. म्हणजे देशाच्या कायद्यापुरता प्रश्न मिटला. परंतु श्रद्धावंतासाठी कायद्याची परवानगी ही शेवटची पायरी नसते. त्याला आणखी एका न्यायालयात उभे राहायचे आहे, आणि तेथे मुका जीवही फिर्यादी असू शकतो.

सर्वप्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. इस्लामने जनावरांची शर्यत सरसकट निषिद्ध केलेली नाही. माननीय अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्या निवेदनानुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः मदीनेत घोड्यांच्या शर्यती लावल्या होत्या आणि इब्ने उमर (रजि.) स्वतः त्यांत स्वार होते. सहीह बुखारीतील या हदीसमध्ये एक तपशील आहे, ज्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. खुराक देऊन व नंतर तो बेताने कमी करून ज्या घोड्यांचे अंग कसलेले होते, त्यांना हफयापासून सनीयतुल वदापर्यंत, म्हणजे सुमारे पाच-सहा मैल धावायचे होते. ज्यांची अशी तयारी झालेली नव्हती, त्यांना सनीयतुल वदापासून बनू जुरैकच्या मशिदीपर्यंत, जेमतेम एक मैल. अंतर कोणी ठरवले? पाहणाऱ्यांच्या हौसेने नव्हे, बक्षिसाच्या रकमेनेही नव्हे, तर घोड्याच्या कुवतीने. शर्यतीच्या नीतीचे सारे मर्म मला या एका तपशिलात दिसते. महाराष्ट्राच्या नियमांतही धावपट्टीला एक हजार मीटरची मर्यादा आहे. काठी, चाबूक आणि विजेचा धक्का यांना मनाई आहे. नियम चांगलेच आहेत. मैदानात झेंडा पडल्यावर ते किती पाळले जातात, हे शर्यतीला जाणाऱ्याला मी सांगायला नको. शेपूट पिरगाळणे, ती दातांनी चावणे, पराणीच्या टोकाला खिळा लावणे हे प्रकार मुलांनाही ठाऊक असतात.

अब्बांच्या आक्षेपाचे उत्तर त्यामानाने सरळ आहे. उंट, घोडा आणि तीरंदाजी यांखेरीज शर्यतीवर बक्षीस नाही, अशा आशयाचे प्रेषितवचन अबू दाऊद व तिर्मिजी यांनी नोंदवले आहे. बैलाचा त्यात उल्लेख नाही. बहुतेक धर्मशास्त्रज्ञांनी ही परवानगी युद्धाच्या तयारीशी जोडली आहे. त्यातही दोन्ही बाजूंनी पैसे लावायचे आणि जिंकणाऱ्याने सारे न्यायचे, हा प्रकार जुगारच होय, आणि जुगाराविषयी सूरह अल्-माइदाची आज्ञा निःसंदिग्ध आहे. प्रवेश फीच्या पैशांतूनच बक्षीस दिले जात असेल, तर नाव काहीही द्या, व्यवहार तोच. मैदानाबाहेर लागणाऱ्या पैजांबद्दल तर बोलायलाच नको.

पण समजा, पैसा पूर्णपणे बाजूला काढला. नुसती हौस उरली. तरीही बैलाचा प्रश्न उरतोच, आणि मला तो अधिक कठीण वाटतो.

बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक विलक्षण हदीस आहे. एक मनुष्य गायीवर स्वार झाला व तिला मारू लागला, तेव्हा ती वळून म्हणाली की आम्हाला यासाठी निर्माण केलेले नाही, आम्ही शेतीच्या कामासाठी आहोत. ऐकणाऱ्यांना गाय बोलल्याचे नवल वाटले. मला नवल वाटते ते तिच्या बोलण्याचे. केवळ या हदीसवरून बैल पळवणे हराम ठरते, असे मी म्हणणार नाही. तो अधिकार माझा नाही. पण प्रत्येक जिवाच्या शरीरातच त्याच्या कामाचा हुकूम लिहिलेला असतो, एवढे तरी त्यातून समजते. 2014 च्या निकालात न्यायालय दुसऱ्या वाटेने येथेच पोहोचले होते: बैल हा ओझे ओढणारा, रवंथ करणारा प्राणी आहे, घोड्यासारखी दौडीची ठेवण त्याला नाही. त्याला घामही बेताचाच येतो, त्यामुळे उन्हात अंगातली उष्णता लवकर उतरत नाही. तो आपण होऊन तुफान पळतो, तो बहुधा भयाने.

पश्चिमेत ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींवरून हाच वाद चालला. ग्रेहाउंड तर धावण्यासाठीच घडलेला. त्याच्या जातकुळीतला सलूकी अरबांचा शिकारी साथी होता आणि शिकवलेल्या कुत्र्याने आणलेली शिकार कुरआनने वैध ठरवली आहे. तरीही गोल धावपट्टीच्या वळणावर मोडणारे पाय आणि धावणे संपल्यावर नकोसे होणारे कुत्रे पाहून अमेरिकेतील फ्लोरिडाच्या मतदारांनी 2018 मध्ये हा धंदा बंद करण्याचा कौल दिला. न्यूझीलंड सरकारने डिसेंबर 2024 मध्ये तशीच घोषणा केली. मुस्लिम देशांनी येथे फुशारकी मारू नये. आखातातील उंटांच्या शर्यतीत लहान मुलांना स्वार म्हणून बांधून बसवले जाई. संयुक्त अरब अमिरातीत 2005 मध्ये हे थांबवून त्यांच्या जागी यंत्रे बसवली गेली, तीही जगाने बोल लावल्यावर.

येथे एखादा बिगरमुस्लिम मित्र हटकून विचारतो की बकरी ईदला कुरबानी देणाऱ्यांनी भूतदया शिकवावी काय? प्रश्न रागावून झटकण्यासारखा नाही. ज्या प्रेषितांनी कुरबानी शिकवली, त्यांनीच सुरी धारदार करण्याची व जनावराला कमीत कमी क्लेश देण्याची आज्ञा दिली. इस्लाममध्ये जीव घेण्याची परवानगी अन्नासाठी व उपासनेसाठी आहे, करमणुकीसाठी नाही. हे उत्तर खरे आहे. पण ईदच्या आधी टेम्पोत एकावर एक कोंबलेली, तहानेने जीभ बाहेर काढलेली बकरी आपल्याच गल्लीत उतरवली जातात, तेव्हा हे उत्तर देताना माझी मान खाली जाते.

मग त्या तरुणाचे प्रेम? ते खोटे नाही. पण प्रेम आणि हक्क एक नव्हेत. प्रेषित (स.) एका अन्सारी सहाबींच्या बागेत गेले असता एक उंट त्यांना पाहून कण्हू लागला, त्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी त्याच्या कानामागे हात फिरवला, मालकाला बोलावले आणि त्या जनावराबाबत अल्लाहचे भय बाळगण्यास सांगितले. हा उंट उपाशी ठेवल्याची व राबवून थकवल्याची तक्रार करतो आहे, असे ते म्हणाले. मालकाचे उंटावर प्रेम आहे की नाही, हे त्यांनी विचारलेही नाही.

मी त्या तरुणाला फतवा दिला नाही. मुफ्तींकडे जायला सांगितले. एवढेच विचारले की या जोडीच्या आधी तुझ्याकडे एक बैल होता ना, बिनजोडला पहिला आलेला?

“होता. पाय दुखावला त्याचा. गेल्या पावसाळ्यात विकला.”

“कोणाला?”

तो थोडा वेळ चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, “दलाल घेऊन गेला, चाचा. पुढचं मी विचारलं नाही.”