गव्याच्या पोटातले जंत

माणसाला जंत होतात, गुरांना होतात, तसे रानातल्या गव्यालाही होतात. हे सांगितलं की शहरातले पाहुणे चकित होतात. रानातलं जनावर म्हणजे निरोगी, असं त्यांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. आमच्या राधानगरीकडं असं कुणी मानत नाही. दाजीपूरचं रान १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झालं, पण जंतांना हद्द कोण दाखवणार?

जंताची वाट साधी आहे. अंडी शेणातून पडतात. पावसाळ्यात त्या पोतच फुटतात, अळ्या ओल्या पात्यावर चढतात आणि चरणाऱ्याच्या पोटात जातात. चपट्या जंताचा फेरा लांबचा, डबक्यातल्या गोगलगाईतून. पण गवत गाईनं खाल्लं काय न् गव्यानं खाल्लं काय, यातल्या बऱ्याच जंतांना दोन्ही पोटं सारखीच.

आबा दरसाल गुरांना वावडिंग आणि पळसाच्या बिया कुटून बांबूच्या नळकांड्यानं पाजायचे. पुढं दवाखान्यातल्या गोळ्या आल्या. त्या काळात सड्यावर एक म्हातारा गवा दिसायचा. बरगड्या मोजून घ्याव्यात असा, जबड्याखाली सूज. मी आबांना म्हणालो, "मिठात औषध कालवून ठेवू या का त्याच्यासाठी?"

"ठेव की. पर कुणी किती चाटलं, ते कुणाला इचारशील?"

आबांचा सवाल व्यवहाराचा होता, पण तो खोल जातो. औषध कमी पडलं तर चिवट जंत तेवढे उरतात आणि त्यांचीच पैदास होते. आयव्हरमेक्टिनसारखं औषध शेणातून बाहेर पडतं आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतं. मग पो फोडून मातीत नेणारंच कुणी राहत नाही. शिवाय पोटभर चरलेलं जनावर थोडे जंत सोसतं. उपाशी जनावराला तेच जंत लोळवतात. मग आजार जंताचा म्हणायचा की भुकेचा?

तरी "निसर्गाचं आहे, आपण कशाला पडा?" म्हणून हात झटकणं मला पटत नाही. बुळकांडी हा आपल्या गुरांचा रोग. १९६८ साली तिकडं दक्षिणेत मुदुमलाईच्या रानात त्यानं गवे मारले. पुढं तो जगातून गेला, २०११ साली तसं जाहीर झालं. तो गेला गुरांना लस टोचून. गव्याला धरून कुणी सुई मारली नव्हती.

मला त्यातून एवढंच कळतं, की रानाबद्दलची दया आपल्या गोठ्यात करायची असते. शेण तपासून मगच औषध द्यावं. पाजल्यावर दोन-तीन दिवस गुरं दावणीला ठेवावीत, म्हणजे ते शेण उकिरड्यात जातं आणि तिथल्या उष्णतेनं बरीच अंडी मरतात. विकत आणलेलं जनावर लगेच रानात सोडू नये. आणि रानातलं गवत सगळंच आपलं समजू नये. गव्यानं ऊस तुडवलेल्या माणसाला हे सांगणं सोपं नाही, ठाऊक आहे मला. माझाही ऊस तुडवलाय त्यांनी.

सड्यावरचा तो गवा त्याच उन्हाळ्यात दिसेनासा झाला. वर सांगितलेल्यातलं काहीही केलं असतं तरी त्याचं दुखणं हटलं नसतं. काही दुखणी आपल्या हातची नसतात. पण आपल्या गुरांच्या शेणातून रानात काय जातं, ते आपल्या हातचं आहे.