सचित्र पाप

न वाचलेलं पुस्तक 'वाचलंय' म्हणून सांगणं हे पाप आहे काय? असेल, तर मेलव्हिलच्या 'मोबी डिक'साठी नरकात स्वतंत्र काउंटर उघडावा लागेल! १८५१ सालची ही कादंबरी, प्रकरणं १३५. मी वाचली ती चित्रकथेत. पण गेली वीस वर्षं बँकेत सर्वांना 'मेलव्हिल वाचलाय' असं ठोकून देत आलो. १९४१ साली अल्बर्ट कँटर यांनी अमेरिकेत अभिजात कादंबऱ्यांची कॉमिक्स सुरू केली, ती बहुधा आमच्यासारख्यांची अब्रू राखायलाच.

परवा चिरंजीव मार्क ट्वेनच्या 'हकलबेरी फिन'ची सचित्र आवृत्ती घेऊन आले.

"बाबा, हा हक कागद का फाडतोय?"

"चेक चुकला असेल."

पोरगं हटेना. शेवटी मूळ पुस्तक उघडलं. पळालेला गुलाम जिम कुठे आहे, हे त्याच्या मालकिणीला कळवणारं ते हकनेच लिहिलेलं पत्र! न कळवणं हे पाप, असंच त्याला शिकवलेलं. तरी पठ्ठ्या पत्र फाडतो आणि नरकात जायला तयार होतो. मित्रासाठी! मी निघालो होतो तो नुसत्या ऐटीसाठी.

ही घालमेल चित्रात मावत नाही, हे खरं. पण चित्र नसतं, तर पोराने विचारलं नसतं आणि बापाने वाचलं नसतं.

तेव्हा सचित्र आवृत्ती हे कर्ज समजावं. मूळ पुस्तक वाचून फेडावं. हकचा हप्ता भरला. देवमासा अजून थकबाकीत आहे.